कोरिया: जेजू ठेवू की बुसान? एजंटला उद्या पैसे भरायचेत

अनुजा_ठाणे
लोकहो, दक्षिण कोरियाला जातोय. एजंटने सोल – नामी बेट – सोराकसान डोंगर – जेजू बेट – बुसान शहर – परत सोल असा कार्यक्रम हातात दिलाय. वाचूनच धाप लागली. काहीतरी कापायचंय. जेजू ठेवू की बुसान? कृपया मुद्द्याचं बोला. यूट्यूबच्या लिंका नकोत, सगळ्या बघून झाल्यात.

भटक्या_मावळा
कधी जाताय? किती जण? किती दिवस? इथे ज्योतिषी कोणी नाही, ताई.

कोथरूडचे_काका
जेजूला भारतीयांना व्हिसा लागत नाही. थेट जेजू गाठा, बाकी सगळं कापा.

सुवनकर
काका, अर्धवट माहिती नको. ती सवलत परदेशातून थेट जेजूला उतरणाऱ्यांना आहे, तीही त्या बेटापुरती. सोलला पाय ठेवायचा तर व्हिसा हवाच.

अनुजा_ठाणे
व्हिसा आलाय हो! तो प्रश्नच नाही. भाऊबीज झाली की निघतोय, आठवडाभर. मी, नवरा, लेक आणि सासूबाई. लेकीला हानबोक (तिथला पारंपरिक पोशाख) घालून राजवाड्यात फोटो हवेत, नवऱ्याला डोंगर आणि लाल पानं.

सुवनकर
हे आधी सांगायचं ना. मग पहिली काट सोराकसानवर. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे. पानांचे रंग तिथे उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत येतात, सोराकसानचा बहर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. भाऊबीजेनंतर तिथे खराटे दिसतील आणि थंडी वाजेल ती वेगळी.
बुसान ठेवा, पण वाटेत ग्योंगजूला दोन रात्री काढा. शिल्ला राजवटीची ती राजधानी. गावाच्या मधोमध राजांच्या समाध्या आहेत, म्हणजे गवताने मढलेल्या गोल टेकड्या, आणि त्यांच्यामधून लोक संध्याकाळी फिरायला निघतात. बुल्गुकसा मंदिर आणि वरचं सोक्कुरामचं बुद्धलेणं १९९५ पासून जागतिक वारशात आहे. रंग तुमच्या तारखांना तिथे मिळण्याची शक्यता जास्त. केटीएक्स या वेगवान रेल्वेने सोलहून साधारण दोन तास, पुढे बुसान अर्धा तास. स्टेशन गावाबाहेर आहे, उतरून बस घ्यावी लागते.

भटक्या_मावळा
डोंगर हवा आणि जेजू कापायचं? हल्लासान, १९४७ मीटर, देशातला सगळ्यात उंच! वर ज्वालामुखीच्या मुखात तळं. पहाटे सोंगपानाकच्या वाटेने चढायला लागा, दुपारी खाली.

टिकली
सासूबाईंनाही चढवणार का, मावळे?

भटक्या_मावळा
सासूबाई सोंगसान इल्चुलबोंग करतील. १८२ मीटरच तर आहे.

टिकली
आणि पायऱ्या कोण मोजणार? अनुजा, गुडघे कसे आहेत त्यांचे? आणि खाण्याचं काय?

अनुजा_ठाणे
गुडघे ठणठणीत, पर्वती चढतात अजून. शाकाहारी आहेत. चातुर्मास असल्यामुळे कांदा-लसूणही नाही.

टिकली
अगं, ही खरी अडचण आणि ती तू आत्ता सांगतेयस! कार्तिकी एकादशी तुमच्या परतण्यानंतर येतेय. तिथे साधी किमचीही (आंबवलेली कोबी) बहुतेकदा मासळीच्या किंवा कोळंबीच्या खारवणात मुरवतात आणि सुपाचा रस्सा सुक्या मासोळीचा असतो. 'मटण नको' म्हटलं तरी ते निघत नाही.

निवांत_नलू
छोटा भाताचा कुकर, मेतकूट, लोणचं. आम्ही स्वित्झर्लंडला असंच केलं होतं. इंटरलाकेनला तर हॉटेलवाल्याने...

सुवनकर
नलूताई, स्वित्झर्लंड राहू द्या. बौद्ध मंदिरांच्या जेवणात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा आणि लसूणही वर्ज्य. चातुर्मास आपोआप पाळला जातो. सोलमध्ये जोग्येसा मंदिराच्या परिसरात असं जेवण मिळतं. ग्योंगजूजवळच्या गोलगुलसा मंदिरात मुक्कामही करता येतो. फक्त निजायचं जमिनीवर गादी घालून (जमीन खालून गरम केलेली असते) आणि पहाटेच्या प्रार्थनेला उठायचं. सासूबाईंपेक्षा लेकच कुरकुरेल. रस्त्यावर होत्तोक मिळेल, आत साखर-दाणे भरलेली गरम पोळी, आपल्या गुळपोळीची चुलत बहीण. तेवढं सोडून गाड्यांवर विचारल्याशिवाय काही घेऊ नका.

इतिहासवेडा
बुसानला जाताच आहात तर शेजारच्या गिमहेला राणी हो ह्वांग-ओकची समाधी बघा. ती अयोध्येची राजकन्या. आपलीच माहेरवाशीण!

सुवनकर
'सामगुक युसा'मध्ये 'आयुता' म्हटलंय, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकातला, म्हणजे राणीनंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. आयुता म्हणजे अयोध्याच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

इतिहासवेडा
तुम्हा लोकांना आपलं काही मोठं म्हणवतच नाही. अयोध्येत तिचं स्मारक आहे, ते काय उगाच?

अनुजा_ठाणे
अहो, वेगळा धागा काढा ना! बरं, सोराकसान आणि जेजू दोन्ही काटले. आता हे बघा: शुक्र-शनि सोल, रवि-सोम ग्योंगजू-बुसान, सोमवारी रात्री सोल, मंगळवारी ग्योंगबोकगुंग राजवाडा आणि हानबोक, रात्री विमान.

टिकली
ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद!! तो शुक्रवारी घ्या. हानबोक घातला की तिकीट लागत नाही, भाड्याची दुकानं राजवाड्याभोवतीच आहेत. सकाळी दहाच्या आधी पोचा, पहारेकरी बदलण्याचा सोहळा दहाला असतो. मंगळवारी चांगदोकगुंग हा दुसरा राजवाडा बघा, तो सोमवारी बंद असतो. त्याच्या मागच्या बागेचं तिकीट वेगळं, आधीच ऑनलाइन काढून ठेव. आणि चालत फिरायला गूगल मॅप्सवर विसंबू नका, नेव्हर (Naver) मॅप हे कोरियन अॅप घ्या.

अनुजा_ठाणे
एजंट म्हणतो राजवाडा रोज उघडा असतो, "मॅडम, मी दरवर्षी ग्रुप नेतो."

सुवनकर
त्याला राजवाड्याचं संकेतस्थळ तुमच्यासमोर उघडायला सांगा. तोवर पैसे भरू नका.

कोथरूडचे_काका
विमा काढलात का?

पिंकी_नाशिक
आम्ही एप्रिलमध्ये जातोय. चेरीची फुलं नक्की कोणत्या तारखेला येतात? लवकर सांगा, तिकीट स्वस्त दिसतंय.