'सुपरपॉवर'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न:
गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या पोरांनी यंदा जत्रेच्या नाटकाला पौराणिक नको आणि सासू-सुनेचंही नको, कायतरी वेगळं करूया म्हणून धरून ठेवलंय. 'हिरोज' नावाची जुनी अमेरिकन सिरीयल होती बघा, २००६ ला सुरू झालेली, साध्यासुध्या माणसांना एकदम कायकाय करता यायला लागतं, तसल्या धर्तीवर पण आपल्या गावातलं. एक खाजगी बसचा कंडक्टर, एक पोदेर (घरोघर पाव विकणारा) आणि पंचायतीतली एक क्लार्क अशी तीन पात्रं ठरलीत. कंडक्टरला प्रवाशांच्या मनातलं ऐकू येतं, म्हणजे म्हापशाला चढून पर्वरीला उतरणारा माणूस वाटेतल्या गिरीचेच पैसे देणार हे त्याला आधीच कळतं. गाडी अडलीय ती 'पॉवर' ह्या शब्दावर. संवादात सारखं 'माझी पॉवर, तुझी पॉवर' आलं की वीजखात्याचं नाटक वाटतं. चांगला मराठी शब्द सुचवा.

प्रतिसाद:
अतिमानवी शक्ती. सरळ आहे की.

प्रतिसाद:
'अतिमानवी शक्ती' पेपरात ठीक. पोदेर सायकलवर पाव घेऊन चाललाय आणि बायकोला सांगतोय 'अगो, मला अतिमानवी शक्ती प्राप्त झाली', लोक खुर्च्यांवरून पडतील हसून. शिवाय अतिमानव म्हटलं की थोडं वाचलेल्या माणसाला तो जर्मन तत्त्वज्ञ नित्शेच आठवतो. मी म्हणेन 'सिद्धी'. आपला शब्द आहे, हजारो वर्षांचा.

प्रतिसाद:
सिद्धी म्हणजे साधना आली ना हो. बारा वर्षं एका पायावर उभं राहून मिळते ती सिद्धी. त्या सिरीयलीतल्या कोणी काय तपश्चर्या केलेली? ती क्लेअर शाळेत चिअरलीडर, जखमा आपोआप भरतात एवढंच. 'वरदान' म्हणा.

प्रतिसाद:
वरदानाला देणारा लागतो, आणि वरदानाबरोबर शेवटी कुठेतरी एक फट ठेवलेली असते, हिरण्यकशिपूचं झालं तशी. जत्रेतला कालो, म्हणजे देवळातलं पौराणिक नाटक, बघणाऱ्या प्रेक्षकाला वरदान म्हटलं की पुढची गोष्ट पाठ असते. तो नरसिंहाची वाट बघत बसेल.

सिद्धीबद्दल मात्र वरच्या बाबांशी अर्धाच सहमत. पतंजलीच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादाचं, म्हणजे अध्यायाचं, पहिलंच सूत्र बघा, सिद्धी पाच वाटांनी येतात असं म्हटलंय: जन्म, औषधी, मंत्र, तप, समाधी. तप आणि समाधी शेवटी आहेत, जन्म पहिला. म्हणजे काहीही न करता, जन्मतःच आलेली सिद्धी शास्त्राला चालते. 'हिरोज'मध्ये नेमकं तेच आहे, रक्तातूनच आलेलं, म्हणून तर तो चेन्नईहून आलेला मोहिंदर सुरेश जनुकांच्या मागे लागतो. आणि तिसऱ्या सीझनमध्ये तो स्वतःलाच इंजेक्शन टोचून घेतो आणि अंगावर खवल्यांसारखं कायतरी यायला लागतं, ती झाली औषधीवाली. लेखकांनी योगसूत्रं वाचली होती असं मी म्हणत नाही, पण खाने बरोबर जुळतात. तिसऱ्या पादाचं नावच विभूतिपाद, त्यात दुसऱ्याचं चित्त कळणं आहे (तो लॉस एंजेलिसचा पोलीस मॅट पार्कमन), आकाशगमन आहे (नेथन पेट्रेली, निवडणुकीला उभा असलेला), भूत-भविष्याचं ज्ञान आहे (चित्रं काढणारा आयझॅक). सगळ्यांना तयार नावं आहेत. अभ्यासाच्या लेखात मी बिनधास्त सिद्धी वापरेन.

पण नाटकात नाही. कारण तुमचा प्रश्न खरं म्हणजे नामाचा नाहीच आहे. मराठी माणूस स्वतःला काय जमतं हे सांगताना नाम वापरतच नाही हो, क्रियापद वापरतो. 'माझ्याकडे पोहण्याची क्षमता आहे' असं कोणी म्हणतं का? मला पोहता येतं. मग मला उडता येतं. कोकणीत पण तेच, म्हाका पेंवूंक येता, म्हाका उडूंक येता. तुमच्या पोदेराने एवढंच म्हणायचं, आणि ते जितक्या सहज म्हणेल तितकं अंगावर येईल. पॉवर, शक्ती, क्षमता हे शब्द ज्याला ह्या माणसांची फाईल करायचीय त्याचे. सिरीयलीत पण बघा, त्यांना हेरून धरणारी, कागदाच्या कंपनीआड लपलेली माणसं होती, त्यांना नाम लागतं. तुमच्या नाटकात तपासायला आलेला इन्स्पेक्टर असेल तर 'अतिमानवी शक्ती' त्याच्या तोंडी टाका, तिथे शोभेल.

प्रतिसाद:
हे पटलं. फक्त एक, 'ता येतं' म्हटलं की ते आपल्या ताब्यात आहे असा अर्थ होतो. सुरुवातीला तर कोणाच्याच ताब्यात नसतं. तो हिरो नाकामुरा तोक्योच्या ऑफिसात घड्याळाकडे डोळे वटारून बघतो आणि सेकंदकाटा एक घर मागे जातो, ते त्याने मुद्दाम केलं म्हणून 'मला काटा मागे नेता येतो' बरोबर. पण मॅटला आवाज नको असताना ऐकू येतात. तिथे 'मला ऐकू येतं'. आणि क्लेअरचं तर 'मला' पण नाही, 'माझं भरून येतं'. तीन माणसं, तीन वाक्यरचना. ही गंमत शक्ती ह्या एका शब्दाने मारली जाते.

प्रतिसाद:
मग आमच्याकडचं 'भार येणं' का नाही? कंडक्टरला भार येतो.

प्रतिसाद:
नको. भार म्हणजे दुसरं कोणीतरी अंगात येतं, बोलणारा तो नसतोच, आणि भार उतरला की माणूस परत आपला घरी. इथे उलटं आहे, जे आहे ते त्याचंच आहे आणि उतरत नाही. शिवाय गावच्या देवळासमोरच मंडप असणार तुमचा, भार हा शब्द विनोदाला वापरला तर देवळाचा कारभार बघणारे महाजन दुसऱ्या दिवशी बोलावतील. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, निखाऱ्यांवरून चालतात त्याला पण कोणी पॉवर म्हणत नाही, व्रत आहे ते, तेही ह्यात ओढू नका.

नाम पाहिजेच असेल तर एक साधा शब्द सगळे विसरले: गुण. वैद्याच्या हाताला गुण असतो, त्याला हातगुण म्हणतो आपण. पायाळू माणूस घ्या, जन्मताना पाय आधी आले एवढंच त्याचं कर्तृत्व, पण कोणाच्या पाठीत उसण भरली की त्याला लाथ मारायला बोलावतात, जमिनीतलं धन दिसतं म्हणतात, आणि वीज पण त्याच्यावरच पडते म्हणून पावसात बाहेर पाठवत नाहीत. फायदा, तोटा आणि शेजाऱ्यांचा त्रास सगळं त्यात आलं, दुसरी सिरीयल कशाला पाहिजे! आणि तो पीटर पेट्रेली, जो नुसता जवळ उभा राहिला तरी दुसऱ्याचं त्याला यायला लागतं, त्याच्यासाठी आपल्याकडे म्हणच तयार आहे, वाण नाही पण गुण लागला. त्यातला खलनायक सायलर मात्र डोकं फोडून गुण काढून घेतो, त्याला म्हण नाही.

प्रतिसाद:
गुण चांगला आहे पण दहावीचे मार्क पण गुणच. 'तुला किती गुण?' असा संवाद येऊ देऊ नका.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल तालमीत करून बघितलं. 'मला उडता येतं' पोदेराला एकदम बसलं. क्लार्कबाई तर 'पायाळू आहे ती, तिचं असंच' ह्यावरच निभावून नेते. कंडक्टरचा 'मला ऐकू येतं' मात्र पडला, मागून कोणीतरी ओरडलं, आधी बहिरा होता काय रे? मग 'मला लोकांच्या मनातलं कळतं' केलं तर आमच्या दिग्दर्शकाची बायको म्हणाली त्यात काय एवढं, मला पण कळतं. सध्या त्याला वाक्यच ठेवलं नाहीय. प्रवासी चढतो, गिरी म्हणतो, आणि कंडक्टर न विचारता पर्वरीचं तिकीट फाडून हातात देतो.