निकाहच्या जेवणासाठी केटररने दाखवलेल्या हलाल प्रमाणपत्रावर कितपत विसंबावे?

प्रश्न (फोंडा तालुक्यातून, मुलीची आई)

सर्वांना सलाम आणि नमस्कार. डिसेंबरात माझ्या मुलीचा निकाह आहे आणि सुमारे चारशे माणसांच्या जेवणासाठी आम्ही एका केटररशी बोलणी केली आहेत. त्याचे नाव येथे देत नाही, कारण मला त्याची बदनामी करायची नसून माझी अडचण सोडवायची आहे. त्याच्याकडे गेलो तेव्हा काउंटरच्या मागे भिंतीवर, तेलाच्या वाफेने पिवळट झालेल्या चौकटीत हलाल प्रमाणपत्र लावलेले होते. ते पाहून माझे पती निश्चिंत झाले. मी मात्र मोबाइलवर त्याचा फोटो घेतला आणि घरी आल्यावर तो मोठा करून वाचला. प्रमाणपत्र परराज्यातल्या एका मसाला कंपनीच्या नावाचे होते, उत्पादनांच्या यादीत मिरची पूड, धणे पूड आणि गरम मसाला एवढेच होते, आणि मुदत गेल्या वर्षीच संपलेली होती. फोन करून विचारले तेव्हा तो म्हणाला, "भाभी, मसाला हलाल आहे म्हणजे जेवणही हलालच झाले ना, आजवर कुणी विचारले नाही." त्याच्या बोलण्यात लबाडी जाणवली नाही. त्याला खरोखरच तसे वाटत असावे, आणि याचेच मला अधिक भय वाटते.

दस्तरखानावर बसलेला पाहुणा यजमानाच्या भरवशावर घास उचलतो. तो काही विचारत नाही, कारण विचारणे म्हणजे यजमानावर संशय घेणे. त्यामुळे त्या चारशे घासांची जबाबदारी माझ्यावर येते. शिवाय आमचे घर हनफी, तर व्याही रत्नागिरीचे कोकणी, म्हणजे शाफई; सुन्नी मुसलमानांच्या या दोन परंपरांत खाण्याचे काही नियम वेगळे आहेत. प्रमाणपत्रात नेमके काय पाहावे, पाकिटावरच्या शिक्क्यावर किती विसंबावे आणि केटररला कोणते प्रश्न विचारावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (वास्को, अन्नप्रक्रिया कारखान्याच्या गुणवत्ता विभागात अकरा वर्षे)

ताई, आपण फोटो मोठा करून वाचलात हे फार चांगले केले. प्रमाणपत्र हे ठरावीक जागेचे, ठरावीक उत्पादनांचे आणि ठरावीक मुदतीचे असते. या तीनपैकी एकही गोष्ट जुळत नसेल, तर ते कितीही मोठ्या संस्थेचे असले तरी आपल्या जेवणाविषयी काहीच सांगत नाही.

आपल्याकडे देशांतर्गत विक्रीसाठी हलालचा शिक्का देणारे सरकारी खाते नाही. जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, हलाल इंडिया अशा खाजगी संस्था हे काम शुल्क घेऊन करतात. कारखाना घटकांची यादी आणि पुरवठादारांची कागदपत्रे देतो, संस्थेचे तपासनीस प्रत्यक्ष येऊन पाहतात आणि मग त्यांचे उलेमा (धर्मपंडित) निर्णय देतात. आमच्याकडे तपासनीस आले तेव्हा त्यांनी सर्वांत जास्त वेळ घालवला तो गोदामात, पोत्यांवरची लेबले वाचण्यात. जिलेटिन कुठल्या जनावराचे आहे, आयएनएस ४७१ या क्रमांकाचा पायसकारक वनस्पती तेलापासून केला आहे की चरबीपासून, व्हॅनिला इसेन्स अल्कोहोलमध्ये विरघळवला आहे का, असे त्यांचे प्रश्न होते. ज्याने हे प्रश्न विचारले नाहीत त्याच्या सहीला मी फारशी किंमत देणार नाही.

दोन गैरसमज येथे दूर केले पाहिजेत. पहिला एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा. त्यांचा चौदा अंकी परवाना क्रमांक म्हणजे व्यवसायाची नोंदणी झाली आहे एवढेच, हलालशी त्याचा संबंध नाही. तरीही तो क्रमांक त्यांच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून पाहा, कारण परवान्यावरचे नाव-पत्ता आणि हलाल प्रमाणपत्रावरचे नाव-पत्ता वेगळे निघाले, तर तेथेच उत्तर मिळते. दुसरा गैरसमज हिरव्या ठिपक्याचा. हिरवा ठिपका असला म्हणजे त्यात मांस किंवा जिलेटिन नाही एवढे कळते, पण अल्कोहोलविषयी तो काही सांगत नाही. तपकिरी त्रिकोण असला तर मांसाहारी घटक आहे एवढेच समजते, जनावर कोणते आणि ते कसे कापले हे समजत नाही.

निर्यातीचे चित्र वेगळे आहे. मांस हलाल म्हणून ठरावीक देशांना पाठवायचे असेल तर १६ ऑक्टोबर २०२४ पासून भारतीय गुणवत्ता परिषदेच्या आय-कॅस हलाल योजनेखाली मान्यता मिळालेल्या संस्थेचेच प्रमाणपत्र लागते. म्हणजे परदेशातल्या ग्राहकासाठी प्रमाणपत्र देणाऱ्यावरही देखरेख आली, घरच्या ग्राहकासाठी मात्र ती नाही. उत्तर प्रदेश सरकारने १८ नोव्हेंबर २०२३ रोजी निर्यात वगळून हलाल प्रमाणित मालाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. माझ्या मते बंदीने ग्राहकाचा प्रश्न सुटत नाही. त्याला हवी असते ती शिक्का देणाऱ्याला जाब विचारता येईल अशी सोय. अर्थात नुसती सरकारी मोहोर असली म्हणजे झाले असेही नाही. मलेशियात जाकिम हे सरकारी खाते हा शिक्का देते, तरी २०२० च्या डिसेंबरात तेथे आयात केलेल्या गोठवलेल्या मांसावर खोटे हलाल शिक्के मारून ते विकल्याचे प्रकरण उघडकीस आले.

अनेक जण प्रयोगशाळेचे नाव घेतात, म्हणून तेही सांगतो. डीएनए चाचणीने पदार्थात डुकराचा अंश आहे की नाही हे कळते. कोंबडी सुरीखाली आली तेव्हा जिवंत होती का आणि कापणाऱ्याने बिस्मिल्लाह म्हटले का, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. तेथे माणसाचाच शब्द घ्यावा लागतो, म्हणून तो माणूस कोण आहे हे माहीत असले पाहिजे.

उत्तर (मडगाव, खाटीक, वडिलांपासून हाच व्यवसाय)

वरच्या भाईंनी कागदाचे सांगितले, मी दुकानाचे सांगतो. गोव्यात येणारी ब्रॉयलर बहुतेक बेळगाव आणि कोल्हापूरकडून ट्रकने घाट उतरून येते. उन्हाळ्यात पिंजऱ्यांतल्या काही कोंबड्या वाटेतच मरतात. आमच्याकडे पहाटे पिंजरे उतरवताना प्रत्येक पिंजऱ्यात हात घालून पाहतो, आणि मेलेली किंवा मान टाकलेली कोंबडी बाजूला काढून पुरवठादाराच्या माणसासमोर मोजतो. अशी कोंबडी कोणीतरी स्वस्तात मागतो, आणि कोणीतरी ती देतोही. कापून, सोलून, तुकडे करून मसाल्यात गेल्यावर ती ओळखता येत नाही. आमच्या लेखी ती मुरदार (न कापता मेलेली) आहे आणि तिला कितीही चांगला शिक्का लावला तरी ती हलाल होत नाही.

म्हणून भाभी, केटररला आधी दर विचारा. त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त चिकन तो कुठून आणतो, याचे उत्तर त्याला देता आले पाहिजे. मग दुकानाचे नाव विचारा आणि त्याला न कळवता तेथे जा. सुरी धारदार आहे का, एक कोंबडी शांत होईपर्यंत थांबतात का की तडफडत असतानाच गरम पाण्यात टाकतात, कापणारा प्रत्येक वेळी नाव घेतो का, हे दहा मिनिटे उभे राहिले तरी दिसते. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही तो उभे राहू देतो. मोठ्या जनावराचे मांस घेणार असाल तर उसगावच्या सरकारी गोवा मीट कॉम्प्लेक्सचे बिल मागा, कारण बाहेरून तयार मांसही येते आणि दोन्ही एकाच टेबलावर आले की फरक कळत नाही.

लग्नाच्या दिवशी घरातला एक जबाबदार पुरुष पहाटे दुकानात पाठवा. आमच्याकडे अशी माणसे येतात, आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही.

उत्तर (पणजी, लहान रेस्टॉरंटचा मालक)

मी हिंदू आहे, तरी हा प्रश्न माझ्या स्वयंपाकघराचा असल्यामुळे लिहितो. माझ्या दारावर अनेक वर्षे "हलाल" अशी पाटी होती आणि ती मी मनापासून लावली होती, कारण चिकन आणि मटण आम्ही हलाल दुकानातूनच घेत होतो. एकदा एका ग्राहकाने नम्रपणे विचारले की चोरीस (डुकराच्या मांसाचे गोवन सॉसेज) कोणत्या तव्यावर परतता. मी आत जाऊन पाहिले, तर सकाळी चोरीस-पाव झालेल्या तव्यावरच दुपारी चिकन काफ्रियाल भाजले जात होते. मधे तो फडक्याने पुसला जाई, एवढेच. काफ्रियालच्या वाटणात आमचा आचारी थोडी रमही घालत असे, आणि ते मी स्वतःच शिकवले होते.

ती पाटी मी त्याच दिवशी काढली. आता मेनूवर लिहिले आहे की मांस हलाल दुकानातून येते, पण याच स्वयंपाकघरात डुकराचे मांसही शिजते. काही ग्राहक वाचून उठून जातात आणि तो त्यांचा हक्क आहे. ताईंनी केटररला भांडी, तवे, तळणीचे तेल आणि सुऱ्या यांविषयी अवश्य विचारावे. जो केटरर एका आठवड्यात कॅथलिक लग्नाचे आणि निकाहचे जेवण करतो, त्याच्याकडे वेगळी भांडी आहेत का, हे प्रमाणपत्रापेक्षा आधी पाहिले पाहिजे.

उत्तर (म्हापसा, दीनियातचा म्हणजे धर्मशिक्षणाचा शिक्षक)

सहीह बुखारी या हदीसांच्या (प्रेषितांच्या वचनांच्या) संग्रहात प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितलेली एक रिवायत आहे. काही लोक मांस आणतात, त्यावर अल्लाहचे नाव घेतले की नाही हे आम्हाला ठाऊक नाही, असे विचारले गेले तेव्हा प्रेषितांनी स्वतः बिस्मिल्लाह म्हणून खाण्यास सांगितले. मुसलमानाने आणलेल्या मांसाविषयी उगाच खोदून संशय घेऊ नये, असा अर्थ उलेमा यातून घेतात. वास्कोच्या भाईंच्या कागदपत्रांवरच्या भराने माझे मन थोडे अस्वस्थ झाले ते यामुळेच. आपल्या आजीने कधी प्रमाणपत्र पाहिले नव्हते, तिला खाटीक माहीत होता. मात्र येथे केटररने दाखवलेला पुरावाच चुकीचा निघाला आहे, तेव्हा विचारणे हे संशयीपण ठरत नाही.

व्याह्यांविषयी सांगायचे तर शिक्क्यावर कोणता मसलक (हनफी, शाफई अशी परंपरा) धरला आहे हे लिहिलेले नसते. जबह करताना, म्हणजे जनावर कापताना, जाणूनबुजून अल्लाहचे नाव घेतले नाही तर हनफींच्या मते ते मांस चालत नाही, शाफईंच्या मते नाव घेणे सुन्नत आहे, म्हणजे घ्यावे, पण सक्तीचे नाही. समुद्राच्या जीवांबाबतही हनफीच अधिक कडक आहेत. तिसऱ्या शाफई खातात, हनफींना त्या चालत नाहीत, आणि कोळंबीबाबत हनफी उलेमांतच मतभेद आहेत. गोव्यात एक प्रश्न आणखी येतो, माडाच्या सुरेपासून केलेल्या सिरक्याचा. हनफींच्या मते नशेचा पदार्थ सिरका झाला की तो पाक (शुद्ध), मग कसाही होवो. शाफईंच्या मते तो आपोआप आंबून झाला तर पाक, त्यात काही टाकून केला तर नाही. दोन्ही घरे जेवणार आहेत तर दोघांना चालेल तेच ठेवावे, म्हणजे कोणाला मन मारून उठावे लागणार नाही.

पुन्हा प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही केटररकडे पुन्हा गेलो आणि प्रमाणपत्राचा फोटो त्याच्यासमोर ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प राहिला, मग त्याने स्वतः ती चौकट उतरवली. चिकन आम्ही पाहून ठरवलेल्या दुकानातूनच येईल, पहाटे माझा भाऊ तेथे असेल आणि बिले आम्हाला मिळतील, हे त्याने लिहून दिले आहे. भांडी मशिदीच्या जमातीकडून घेणार आहोत. तिसऱ्या आणि कोळंबी दोन्ही काढून सुरमई ठेवली आहे, आणि तिच्या मसाल्यात सिरक्याऐवजी चिंच घालायची आहे. शेवटच्या पुडिंगमध्ये तो कोणते जिलेटिन घालतो हे त्याला सांगता आले नाही, म्हणून ते चायना ग्रासमध्ये (समुद्री शेवाळापासून होणारा जिलेटिनचा पर्याय) करायचे ठरले.