हिवाळी ट्राउट: फ्लाय बदलण्याआधी शिसं बदला

गळेकर:
जानेवारीत कोलोरॅडोत साउथ प्लॅट नदीवर, डेकर्स गावाच्या आसपास कुठंही उतरा, दृश्य ठरलेलं. माणूस गुडघाभर पाण्यात, बोटं बधिर, डबी उघडी, आणि 22 नंबरची काळी फ्लाय (गळावर दोरा-पिसं बांधून केलेला नकली कीटक; नंबर जितका मोठा तितकी ती लहान) सोडून 24 ची करडी बांधायची खटपट. थोड्या वेळानं पुन्हा डबी. माझं म्हणणं एवढंच, की हिवाळ्यात फ्लाय कोणती यापेक्षा ती किती खोल आणि किती सावकाश जाते यावर सगळं अवलंबून आहे.

ट्राउट थंड रक्ताचा. पाणी चार अंशांच्या आसपास उतरलं की त्याचं पचन मंदावतं, तो वेगवान धार सोडून खोल, संथ डोहाच्या तळाशी बसतो आणि खाण्यासाठी वीतभर सरकायलाही नाखूश असतो. फ्लाय डोक्यावरून हातभर उंच गेली तर ती कुठलीही असो, वाया गेली. आधी इंडिकेटर (दोऱ्यावरचा तरंगता खूणगोळा) वर सरकवा, शिशाची एक गोळी वाढवा. अधूनमधून तळ लागला पाहिजे. मग फ्लायचं बघू.

धरणाखालचा:
साफ असहमत. साउथ प्लॅटच्याच, धरणाखालच्या चीझमन कॅनियनमध्ये पकडलेला मासा परत सोडावाच लागतो. त्यामुळे तिथल्या ट्राउटनी आपल्या सगळ्यांच्या डब्या पाहून झाल्यात! हिवाळ्यात पाणी कमी आणि नितळ, आणि वाहत येणारं खाणं म्हणजे बहुतेक मिज (चिलटासारखे पाणकीटक), तांदळाच्या दाण्याहून लहान. दिवसभर तेच गिळणाऱ्या माशापुढे 14 नंबरची, म्हणजे बरीच मोठी, फेजंट टेल फ्लाय न्या. वरच्या खडकावरून मी स्वतः बघितलंय: फ्लाय बरोबर तळाशी, बरोबर रेषेत येते, आणि मासा शेपूट जराशी हलवून तिला वाट करून देतो. खोली चुकली होती का?

काळा दोरा, वर तांब्याची बारीक तार, झाली ब्लॅक ब्यूटी. नाहीतर कोलोरॅडोच्याच रिम चुंग यांची आरएस2 फ्लाय. आणि 6एक्स टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक दोरा) मिरवायला नसतं हो. बारीक दोरा पाणी कापत लवकर बुडतो, फ्लायला ओढत नाही. म्हणजे तुमची ती लाडकी खोलीसुद्धा त्यानंच मिळते.

बगरभक्त:
बसा चिलटं मोजत. ऑलिव्ह वूली बगर (स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशासारखी भासणारी मोठी फ्लाय), 8 नंबर, तळालगत, अगदी संथ. ब्राउन ट्राउटची वीण शरद ऋतूत होते, त्यानंतर मोठे मासे खंगलेले असतात. शंभर चिलटांपेक्षा एक घास त्यांना परवडतो.

गळेकर:
@बगरभक्त, तीन अंशांच्या पाण्यात मासा पाठलाग करतो?

बगरभक्त:
पाठलाग करायला सांगतंय कोण? धारेवर सोडायची, मध्येच एक बारीकसा झटका, पुन्हा सोडायची. उन्हाळ्यासारखी भराभर ओढणारे लोक मग 'स्ट्रीमर चालत नाही' म्हणत फिरतात. मासे कमी लागतात, हे कबूल. पण लागतो तो मोजायच्या लायकीचा असतो.

पाणवठा:
विणीचा विषय निघालाच आहे तर. अंड्याच्या फ्लायनं हिवाळ्यात मासे लागतात, मान्य. पण ती वापरायला लोक नेमके विणीच्या जागांवर जातात. आजूबाजूचे दगड शेवाळानं काळपट आणि मध्येच खडीचा एक घासून काढल्यासारखा उजळ पट्टा दिसला, की तिथं पाय ठेवू नका. ब्राउनची अंडी हिवाळाभर त्या खडीत असतात. आणि हवा शून्याखाली असेल तर फोटोसाठी मासा उचलायचा मोह आवरा, ओले कल्ले गोठतात. तुमच्या 22 नंबरच्या वादापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

पुणेरी_गळ:
डिसेंबरात हिमाचलला तीर्थन नदीवर जायचा बेत आहे. तिथं यातलं काय चालेल?

पाणवठा:
काहीच नाही. :) तिथं नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची पकड बंद, याच विणीमुळे. मार्चनंतर जा.

धरणाखालचा:
पाणवठाशी शंभर टक्के सहमत. पण मूळ मुद्द्यावर गळेकरांनी उत्तर दिलेलं नाही.

गळेकर:
देतो. चीझमन हा अपवाद आहे. धरणाच्या बुडातून सुटणारं पाणी चार अंशांच्या आसपास राहतं, म्हणून तिथं हिवाळाभर मिज निघतात आणि माशांना निवड करायची चैन परवडते. धरण नसलेल्या नदीवर या, काठाला बर्फ, पाणी एका अंशावर. तिथं नखरे करणारा मासा दाखवा.

धरणाखालचा:
तुम्ही धागा साउथ प्लॅटवर काढलाय, मालक.

उन्हातला:
दोघंही तळाशीच का भांडताय? ढगाळ, वारा पडलेला दिवस असेल तर दुपारी संथ भोवऱ्यात मिज वर येतात आणि मासे फक्त नाक बाहेर काढून टिपतात. घाईत असाल तर दिसणारही नाही. तेव्हा ग्रिफिथ्स नॅट, पाण्यावर तरंगणारी फ्लाय. शिसं नको, इंडिकेटर नको. आणि सकाळी आठला जाऊन रॉडच्या कड्यांतला बर्फ फोडत बसू नका, 11 ते 3 पुरे.

धरणाखालचा:
नॅट कितव्या नंबरची बांधता?

उन्हातला:
22. कधी 24.

धरणाखालचा:
@गळेकर, वाचलंत ना?

गळेकर:
वाचलं. 18 ची बांधून बघितलीय का त्यांनी, ते आधी विचारा.