दावा चालू असताना वकील बदलायचे आहेत, पण मूळ कागद त्यांच्याकडे अडकले आहेत

बोरिवलीकर: वडिलांच्या सदनिकेच्या वाटपाचा आमचा दावा दिंडोशीच्या नगर दिवाणी न्यायालयात तीन वर्षांपासून चालू असून मी वादी आहे. गेल्या दोन तारखांना वकीलसाहेब आले नाहीत. दुसरा वकील नेमण्यासाठी त्यांची लेखी ना-हरकत मागितली, तर उरलेली फी मिळेपर्यंत ती आणि सदनिकेचे सोसायटीने दिलेले मूळ शेअर सर्टिफिकेट दोन्ही मिळणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे. काय करावे?

वकिली करणारा सभासद: जुन्या वकिलांची संमती घ्यावी हे बार कौन्सिलच्या नियमांत आहे, परंतु ती न मिळाल्यास कारणे देऊन न्यायालयाची परवानगी मागता येते, हेही त्याच नियमात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3, नियम 4 नुसार तुमच्या सहीच्या लेखी अर्जावर, न्यायालयाच्या परवानगीने, जुने वकीलपत्र संपुष्टात येते. कागदांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 साली स्पष्टच सांगितले आहे की, फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. फी वसूल करण्याचा मार्ग वेगळा आहे. जी फी खरोखर देणे असेल ती मात्र पावती घेऊन द्या, कारण त्यांनी केलेले काम नाकारणे योग्य नाही. कागदांची मागणी स्पीड पोस्टाने करा आणि पोचपावती जपून ठेवा. तरीही दाद मिळाली नाही, तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली तक्रार करता येते.

मुलुंडच्या काकू: दादा, आज रात्रीच ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद, पाहा. माझा दावा गैरहजेरीमुळे निकाली निघाला होता आणि तो पुन्हा सुरू करण्याच्या अर्जाला तीसच दिवसांची मुदत असते, हे मला फार उशिरा कळले. कागद परत घेताना मी घरून यादी नेली, वकिलांच्या टेबलावर एकेक कागद उलटून पेन्सिलीने खूण केली आणि यादीखाली त्यांची सही घेतली. एक भाडेपावती दुसऱ्याच अशिलाच्या फाइलमध्ये सापडली.

बोरिवलीकर: काकू, रोजनामा पाहिला. दोन्ही तारखांना "वादी व वकील गैरहजर" अशी नोंद असून शेवटची संधी दिली आहे. मागणीपत्र लिहून ठेवले आहे, उद्या पोस्टात टाकतो आणि नव्या वकिलांकडून परवानगीचा अर्ज तयार करून घेतो.