३ जानेवारीला ७ मिनिटं बोलायचंय, मुद्दे कागदावर कसे काढता तुम्ही?

बचतगटवाली_ताई:
नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या शाळेत सावित्रीबाईंच्या जयंतीला बचत गटाकडून मला बोलायला सांगितलंय, ७ मिनिटं दिलीयेत. मी चार-पाच पानं भरून लिहून काढलंय, जन्म, लग्न, शाळा, शेणगोळे, सत्यशोधक समाज, सगळंच आलंय त्यात. पण घरी पाठ म्हणताना एक वाक्य सुटलं की पुढचं सगळंच जातं डोक्यातून. नुसतं वाचून दाखवणं मला पटत नाही, समोर मुलं आणि त्यांच्या आया बसणार आहेत. जे नेहमी बोलतात ते कागदावर नेमकं काय लिहून नेतात, प्लीज सविस्तर सांगा.

मास्तर_निवृत्त:
ताई, आधी वेळेचा हिशोब करा. सावकाश, समजेल असं मराठी बोललं तर मिनिटाला साधारण शंभरेक शब्द होतात, म्हणजे तुमच्याकडे ७०० शब्द आहेत, त्यात टाळ्या आणि श्वास पण आले. तेव्हा अख्खं चरित्र बसणारच नाही, आणि बसवूही नका, कारण ३ जानेवारी १८३१, नायगाव, १८४८, भिडेवाडा हे सूत्रसंचालक, पाहुणे आणि मुलं तुमच्या आधी सांगून मोकळे झालेले असतात. शाळेच्या कार्यक्रमांत मी हे वर्षानुवर्षं बघतोय, पाचवा वक्ता तेच बोलायला लागला की पोरं चुळबुळ करतात. एकच प्रसंग घ्या. मी तुमच्या जागी असतो तर १८९७ चा प्लेग घेतला असता. वय ६६, मुलगा यशवंत डॉक्टर, पुण्याबाहेर माळावर त्याचा दवाखाना, आणि ही बाई आजारी पोराला पाठीवर घेऊन तिथे नेते, त्यातच लागण होऊन १० मार्चला जाते. समोर बसलेल्या आयांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.
कागदावर फक्त दोन वाक्यं पूर्ण लिहा, पहिलं आणि शेवटचं. मधे एका ओळीत दोन-तीन शब्द बास, पण सनावळ्या आणि नावं मात्र लिहाच, ती ऐनवेळी दगा देतात.

इंद्रायणीकाठ:
आमच्याकडे कीर्तनाची परंपरा आहे म्हणून त्या बाजूने सांगते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एक अभंग किंवा पद घेऊन त्याचं निरूपण, मधे नामगजर, मग उत्तररंगात आख्यान. बुवा तासनतास बोलतात ते वाक्यं पाठ करून नाही, मुक्काम ठरलेले असतात आणि वाट त्यांना माहीत असते. ताई, तुम्ही पण एक वाक्य ध्रुपदासारखं धरा, उदा. "ती थांबली नाही", आणि प्रत्येक मुद्दा संपला की तिथे परत या. अडखळलात तरी ते वाक्य म्हणायचं, तेवढ्यात पुढचं आठवतं.

सातारकर_वकील:
मास्तरांशी थोडा असहमत आहे. आधी पूर्ण लिहायलाच हवं, नाहीतर नवीन माणूस भरकटतो. लिहा, मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते ती वाक्यं तोडा, आणि मग त्याचे मुद्दे काढून मूळ पानं घरी ठेवा.
आणि मांडणी शिकायची असेल तर बाबासाहेबांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण काढून वाचा. शेवटच्या भागात ते लोकशाही टिकवायची तर काय करायला हवं ते एक, दोन, तीन असं मोजून सांगतात, आंदोलनं नाही तर संविधानिक मार्ग, व्यक्तिपूजा टाळणं, आणि राजकीय लोकशाहीच्या जोडीला सामाजिक लोकशाही. ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळत राहतं. एवढ्या मोठ्या विषयाला तीन मुद्दे पुरतात तर ७ मिनिटांना पुरतीलच.

बचतगटवाली_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. प्लेगच घेतला. आता कार्ड असं झालंय: पहिलं वाक्य पूर्ण / १८९७ पुणे, प्लेग, घाबरलेले लोक / यशवंत, माळावरचा दवाखाना / पाठीवर मूल, वय ६६ / १० मार्च / आज आपण आजाऱ्याजवळ जातो का, आशाताईंचं काम / शेवटचं वाक्य पूर्ण. "ती थांबली नाही" तीन ठिकाणी लाल पेनने. भिडेवाडा अख्खा काढला, जीव तुटला पण काढला.

मास्तर_निवृत्त:
छान झालंय! एकच भर घाला, लहान वर्गांना प्लेग म्हणजे काय ते माहीत नसणार, तिथे "करोना" एवढा एक शब्द लिहून ठेवा, अर्ध्या मिनिटात कळेल त्यांना. आशाताई कार्यक्रमाला येणार असतील तर त्यांना आधी विचारून नावानिशी उल्लेख करा. आणि जाड पुठ्ठ्यावर लिहा, मैदानात जानेवारीत वारा असतो, पातळ कागद माईकसमोर फडफडतो आणि तो आवाज स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू जातो.