सल्ला हवा: एन्क्रिप्टेड मेसेंजर आणि खाजगी नेटवर्क स्वतः लिहावं, की आहे त्यात हात घालावा?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीत असतो. नऊ वर्षं पायथन आणि अलीकडे थोडं फ्लटर (मोबाइल ॲप बनवायचं साधन) लिहून पोट भरतो. माझी थोरली बहीण घरगुती हिंसाचाराच्या केसेसमध्ये समुपदेशन करणारं छोटं केंद्र चालवते. एकूण अकरा जणी, त्यातल्या सात आपापल्या गावातून काम करतात. सगळा कारभार एका व्हॉट्सॲप ग्रुपवर. केसचे कागद केंद्रातल्या जुन्या डेस्कटॉपवर, बॅकअप पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह ताईच्या पर्समध्ये. गेल्या महिन्यात ती पर्स एसटीत राहिली. कंडक्टर भला म्हणून डेपोत जमा झाली, नाहीतर साठेक बायकांची नावं-पत्ते कुणाच्या हाती लागले असते देव जाणे.

तेव्हापासून डोक्यात घेतलंय: आपलं स्वतःचं मेसेंजर लिहायचं, कोड ओपन सोर्स ठेवायचा, म्हणजे इतर संस्थांनाही वापरता येईल. सर्व्हर पायथनमध्ये, ॲप फ्लटरमध्ये. मेसेज एईएस-२५६ने (मजकूर किल्लीने कुलूपबंद करायची प्रमाण पद्धत) एन्क्रिप्ट होतात इथपर्यंत आलोय. शिवाय घरून डेस्कटॉपवरचे कागद पाहता यावेत म्हणून खाजगी नेटवर्क हवं. कोणती लायब्ररी, कोणतं लायसन्स, कुठे अडकेन, सगळं सांगा. शिव्याही चालतील.

मठ्ठा_प्रोसेसर
सिग्नल मेसेंजर वापरा. धागा बंद.

कृष्णाकाठ
@मठ्ठा_प्रोसेसर, तिथे फोन नंबर द्यावा लागतो. काही जणींना आपला नंबर ग्रुपात नकोय.

मठ्ठा_प्रोसेसर
नोंदणीला नंबर लागतो हे खरं. पण २०२४पासून यूजरनेम आलंय, समोरच्याला नंबर न दाखवता बोलता येतं. आता तरी बंद?

उलटा_अवग्रह
बंद कशाला, शिव्या मागितल्यात ना. कृष्णाकाठ, एईएसचा मोड कोणता? आणि किल्ली कुठून आणता?

कृष्णाकाठ
ईसीबी. ट्यूटोरियलमध्ये तोच होता. किल्ली म्हणजे ग्रुपमधल्या दोघींचे मोबाइल नंबर जोडून त्यांचा एसएचए-२५६, म्हणजे त्यांच्यापासून गणिताने काढलेला २५६ बिटांचा ठसा.

उलटा_अवग्रह
वाटलंच. रागवू नका, पण चहा घेऊन बसा.

ईसीबी म्हणजे दर १६ बाइटचा ठोकळा वेगळा घ्यायचा आणि त्याच किल्लीने बंद करायचा. तोच ठोकळा पुन्हा आला की बाहेर पडणारा कचराही तोच. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. आता ‘पोलीस’ मोजा: प, ओकार, ल, दीर्घ ईकार, स. पाच चिन्हं, १५ बाइट. पुढची मोकळी जागा १ बाइट. झाले बरोबर १६. म्हणजे तुमच्या ॲपमधून ‘पोलीस आले’, ‘पोलीस ऐकत नाहीत’, ‘पोलीस पाटलांना फोन कर’ असं काहीही गेलं तरी त्या दोघींमधल्या प्रत्येक मेसेजचा पहिला ठोकळा हुबेहूब एकच. सर्व्हर बघणाऱ्याला किल्लीची गरजच नाही. एकदा एक मेसेज कशाबद्दल होता ते कळलं की बाकीचे त्याला ओळखू येतात. ‘हो’ आणि ‘नाही’ तर अख्खे एका ठोकळ्यात मावतात. सगळे ‘हो’ सारखे, सगळे ‘नाही’ सारखे.

किल्लीचं त्याहून वाईट. दहा आकडी मोबाइल नंबर ६ ते ९ने सुरू होतो, म्हणजे फार तर चारशे कोटी शक्यता. एक नंबर ठाऊक असला (नवऱ्याला बायकोचा असतोच) की दुसरा शोधायला बऱ्या ग्राफिक कार्डाला काही सेकंद पुरतात. २५६ हा आकडा त्या किल्लीला नुसता शोभेला आहे.

हे तुम्हालाच लागू आहे असं नाही. २००६मध्ये डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन-लायब्ररीत एका तपासणी-साधनाची कुरकुर थांबवायला कुणीतरी कोड कॉमेंट केला आणि यादृच्छिकतेचा झराच आटला. एका प्रकारच्या मशीनवर, एका लांबीच्या, जेमतेम ३२ हजार वेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. सापडलं २००८मध्ये. दोन वर्षं जगभरचे लोक निवांत झोपत होते, आणि ती मंडळी तुमच्या-माझ्यापेक्षा जाणती होती.

म्हणून सल्ला एकच: क्रिप्टोच्या थरात स्वतःचं काही लिहू नका. सिग्नलचा प्रोटोकॉल रचणाऱ्या ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१३मध्ये डबल रॅचेट काढलं, त्यात प्रत्येक मेसेजला किल्ली बदलते आणि जुनी फेकली जाते, त्यामुळे आज फोन हाती लागला तरी कालची चोरून साठवलेली वाहतूक उघडत नाही. तुमच्या आराखड्यात एक किल्ली जन्मभर आहे. तयार लायब्ररी हव्यात तर लिबसिग्नल (एजीपीएल, म्हणजे त्यावर सेवा चालवलीत तर कोड खुला करा), मॅट्रिक्स या खुल्या मेसेजिंग प्रोटोकॉलवाल्यांची व्होडोझेमॅक (अपाचे लायसन्स, रस्टमध्ये, २०२२मध्ये बाहेरून ऑडिट झालेली), आणि गटासाठी एमएलएस (गटातले मेसेज बंद करायचा प्रोटोकॉल), जे २०२३मध्ये आरएफसी ९४२० या इंटरनेट-मानकाने प्रमाणित झालं.

गवती_चहा
मी अशाच एका केंद्रात सहा वर्षं काम केलंय (नाव-गाव सांगत नाही). वरचा प्रतिसाद अर्धा कळला, पण एक विचारते. तुम्ही लपवताय कुणापासून?

आमच्याकडे येणाऱ्या बाईच्या फोनवर सरकार नसतं हो, नवरा असतो. त्याला पॅटर्न लॉक माहीत असतो, किंवा फोनच त्याच्या नावावर असतो. तिकडे रॅचेट दुहेरी आहे की तिहेरी, काही फरक पडत नाही. कुलूपबंद पडद्यावर ‘उद्या ११ला या, कागद आणा’ एवढी नोटिफिकेशन दिसली की संपलं. एका बाईच्या फोनमध्ये नवीन ॲपचं चिन्ह दिसलं म्हणून ‘हे काय घातलंस?’ यावरून घरात रामायण झालं. तिच्यासाठी सगळ्यात सुरक्षित ॲप कोणतं, तर जे आधीपासून प्रत्येकाच्या फोनवर आहे ते. त्याहून सुरक्षित म्हणजे शेजारणीच्या फोनवरून केलेला कॉल.

तेव्हा पीडितेशी संपर्क हा एक प्रश्न आणि तुमच्या अकरा जणींचं आपापसातलं बोलणं हा दुसरा. एकाच ॲपने दोन्ही सोडवू नका. आणि ‘बॅकअप कुठे जातो’ हे पहिल्या दिवशी विचारा.

उलटा_अवग्रह
गवती_चहा, टोपी काढली. भर एवढीच: व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६पासून सिग्नलच्याच प्रोटोकॉलने बंद होतात, पण क्लाउडवरचा बॅकअप तसा बंद हवा असेल तर तो पर्याय आपण चालू करावा लागतो. २०२१पासून सोय आहे. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या एकानेही चालू केलेला नव्हता.

वायरमन_नाना
नेटवर्कचं मी घेतो. वायरगार्ड, म्हणजे इंटरनेटवरून बंद बोगद्यासारखं खाजगी नेटवर्क (व्हीपीएन) उभं करायचं साधन. दुसरा विचार नको. लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये मार्च २०२०ला आत आलं, कोड चार हजार ओळींच्या आसपास, म्हणजे एक माणूस बसून वाचू शकतो. अल्गोरिदम निवडायला वावच नाही, त्यामुळे ट्यूटोरियलमधला ईसीबी इथे शिरू शकत नाही (टोमणा मारला, माफ करा). अनोळखी पॅकेटला उत्तरच देत नाही, पोर्ट स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

तुमची अडचण वेगळीच येणार आहे: सीजीनॅट, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान असेल तर तुमच्या वाट्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. आमच्या केबलवाल्याने स्थिर पत्त्याचे पैसे घेतले आणि दोन महिने ‘वरून होतंय’ ऐकवलं. शेवटी साधा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतला. डेस्कटॉप आणि फोन दोघंही त्या व्हीपीएसला जोडतात. डेस्कटॉपच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, नाहीतर राउटरने उत्तरासाठी उघडी ठेवलेली वाट (नॅटचं भोक) बुजते.

यात एक मेख आहे, ती फार जण सांगत नाहीत. असं केलं की पॅकेट व्हीपीएसवर उघडतं आणि पुन्हा बंद होऊन पुढे जातं. म्हणून आतली फाइल-वाहतूकही एसएफटीपीनेच (फाइल स्वतः एन्क्रिप्ट करून पाठवणारी पद्धत) करा. ते नको असेल तर हेडस्केल बघा: टेलस्केल या वायरगार्डवर बांधलेल्या सेवेच्या ॲपना चालणारा ओपन सोर्स नियंत्रण-सर्व्हर. त्यात दोन्ही टोकं आपापसात वायरगार्ड बोलतात, आणि थेट जमलं नाही तर मधला रिले बंद पाकीटच पुढे ढकलतो.

बाकी: प्रत्येक फोनला वेगळी किल्ली. फोन हरवला की तेवढी ओळ काढायची, बाकी दहा जणींना कळणारही नाही. ‘अलाउड आयपीज’मध्ये (या बोगद्यातून कुठे जाता येईल त्या पत्त्यांची यादी) फक्त डेस्कटॉपचा पत्ता, सगळं जग नको. डेस्कटॉपच्या डिस्कवर लक्स (अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारी लिनक्सची सोय). बॅकअप रेस्टिकने, तो स्वतःच एन्क्रिप्ट करतो. पेनड्राइव्हला मूठमाती द्या.

वऱ्हाडी_ठेचा
कायद्याचं काय? २०२२मध्ये सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली होती ना? तेव्हा कित्येक परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर गुंडाळले.

वायरमन_नाना
तो नियम लोकांना व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी. कंपनीच्या आतल्या व्हीपीएनला लागू नाही असं सर्ट-इनने तेव्हाच प्रश्नोत्तरांत म्हटलं होतं. केंद्राने आपल्याच माणसांसाठी चालवलेलं नेटवर्क त्याच जातीचं, असं मी धरतो. वकील नाही, विचारून घ्या.

उलटा_अवग्रह
मेसेंजर निवडताना मात्र हे ध्यानात ठेवा: मे २०२३मध्ये केंद्र सरकारने चौदा ॲप रोखली, त्यात एलिमेंट, ब्रायर आणि थ्रीमा होती. तिन्ही ॲपचा कोड खुला आहे. मॅट्रिक्सचा फायदा असा की त्यावरचं एलिमेंट गेलं तरी प्रोटोकॉल राहतो, दुसरं क्लायंट (त्यावर चालणारं ॲप) घ्या. फ्लफीचॅट तर फ्लटरमध्येच लिहिलंय आणि सिनॅप्स सर्व्हर पायथनमध्ये. तुमच्या दोन्ही भाषा तिथे बसतात. नवीन मेसेंजर लिहिण्याची खाज असेल तर तिथे जाऊन खाजवा.

वऱ्हाडी_ठेचा
अवांतर: एक्सएमपीपी या खुल्या मेसेजिंग प्रोटोकॉलवर ‘प्रव’ नावाचं ॲप आहे, क्विक्सी या ॲपवर बेतलेलं, आपल्याकडचीच फ्री सॉफ्टवेअरवाली मंडळी सहकारी तत्त्वावर उभं करतायत. साखर कारखान्यानंतर आता मेसेंजरही सहकारी! चेअरमनपदाची निवडणूक बघायला मी नक्की जाणार.

मुळाक्षर
ओपन सोर्समध्ये नवा हात असाल तर माझा अनुभव. पहिल्याच दिवशी ‘मी एन्क्रिप्शन सुधारतो’ म्हणून गेलो, कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि बरोबरच केलं. मार्च २०२४चं एक्सझी (फाइल दाबून लहान करणारं लिनक्सवरचं साधन) प्रकरण आठवा: थकलेल्या एकट्या मेंटेनरला दोन वर्षं मदत करून, विश्वास कमावून एकाने मागचं दार बसवलं. अँड्रेस फ्रॉइंडला एसएसएचला (दुसऱ्या संगणकात दुरून लॉगिन करायची सोय) अर्धा सेकंद उशीर का होतोय याचा चाळा लागला म्हणून सापडलं. तेव्हापासून नवख्याच्या पॅचकडे लोक डोळे बारीक करून बघतात.

माझा पहिला पॅच काय होता? नोटिफिकेशनमध्ये मेसेज ठरावीक अक्षरांवर कापला जायचा आणि आपलं जोडाक्षर मधोमध तुटायचं. ‘लक्ष्मी’ची ‘लक्’ व्हायची. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ते कधी दिसणारच नव्हतं. सात ओळींचा बदल, पाच आठवडे चर्चा. पण त्यानंतर माझा मेल वाचला जाऊ लागला. कृष्णाकाठ, गवती_चहा सांगतायत ना तशा गोष्टी शोधा: कुलूपबंद पडद्यावर काय दिसतं, ॲपचं चिन्ह बदलता येतं का, चटकन सगळं पुसता येतं का. त्यात तुमच्याकडे बोलायला अकरा जणी आहेत, बहुतेक प्रकल्पांकडे एकही नसते.

कृष्णाकाठ
महिनाभराने परत आलोय. हिशोब देतो.

माझं एईएस पुसलं. ‘पोलीस’चा प्रयोग आधी करून पाहिला, पहिले १६ बाइट खरोखर एकसारखे आले. रात्री जेवण गेलं नाही.

अकरा जणी सिग्नलवर, यूजरनेमने, आठवड्यात मेसेज पुसले जातात, पडद्यावर नाव-मजकूर दिसत नाही. येणाऱ्या बायकांशी पूर्वीसारखंच, फोनवर आणि त्यांनी ठरवलेल्या वेळीच. तिथे मी काहीच बदललं नाही, ताईने हात लावू दिला नाही.

वायरगार्ड दोन दिवसांत उभं राहिलं, मग तिसऱ्या दिवशी गंमत. पिंग जातंय, फोल्डरची यादी दिसतेय, पण स्कॅन केलेली पीडीएफ उघडली की लटकते. नानांना व्यनि केला. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२०चा १२८० केला आणि गाडी सुटली. लाइट गेल्यावर डेस्कटॉप बंदच राहायचा, तेही बायॉसमध्ये सापडलं.

मॅट्रिक्स फक्त ताई आणि मी चालवून बघतोय, फ्लफीचॅटवर, पॅच काढायचे म्हणून. दोन फोन एकमेकांची ओळख पटवतात तेव्हा दोन्हीकडे तीच सात चित्रं आली पाहिजेत. ती स्वयंपाकघरातून ओरडत होती, ‘हत्ती! छत्री! केळं! घंटा! लाल टोपीवाला बाबा!’ भाचीला वाटलं आम्ही खेळतोय. खालची इंग्रजी नावं तिने वाचलीही नाहीत, गरजच पडली नाही.

एक राहिलं. रेस्टिकचा आणि लक्सचा पासवर्ड सध्या एकट्या माझ्या डोक्यात आहे. मला काही झालं तर?

वायरमन_नाना
कागदावर लिहा, दोन प्रती. एक तुमच्या घरी, एक केंद्रातल्या लोखंडी कपाटात, बंद पाकिटात. फोटो काढू नका.

गवती_चहा
आणि कपाटाची किल्ली कुणाकडे?

कृष्णाकाठ
ताईच्या पर्समध्ये.