संरक्षण उद्योगासाठी मराठवाड्याने भूखंड मागावेत की टेस्टिंग लॅब?

धागाकर्ता (वाळूज, लघुउद्योजक)

केंद्राने २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दोन संरक्षण औद्योगिक कॉरिडॉर जाहीर केले आणि ते उत्तर प्रदेश व तमिळनाडूला मिळाले. तेव्हापासून आपल्याकडे उद्योजक जमले की एक मागणी हमखास होते, ती म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या ऑरिक या औद्योगिक शहराच्या शेंद्रा-बिडकीन पट्ट्यातील सुमारे १०,००० एकरांपैकी काही जागा संरक्षण उद्योगासाठी राखून ठेवावी. सरकारने या क्षेत्रात पैसा घालावा, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र तो भूखंडांत घालू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि ते अनुभवातून बनले आहे.

मागच्या वर्षी आमच्याकडे विमानातील एका अ‍ॅल्युमिनियम ब्रॅकेटचे काम आले. नग फक्त चाळीस होते. एका बोअरला, म्हणजे भोकाला, बारा मायक्रॉनचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) होता. तो आमच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणारे कटाई मशीन) व्यवस्थित बसला आणि सीएमएमचा (अचूक मापे घेणारे यंत्र) रिपोर्टही स्वच्छ आला. तरीही पहिला लॉट परत आला, कारण ज्या व्यापाऱ्याने धातूचा बार कापून दिला त्याने मिलच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स तेवढी जोडली होती आणि कापलेल्या तुकड्यांवर हीट नंबर, म्हणजे धातू भट्टीच्या कोणत्या घाण्यातला आहे तो क्रमांक, पुन्हा पंच केला नव्हता. हा माल नेमका त्याच हीटचा आहे, हे सिद्ध करण्यासाठी आम्ही जिल्ह्याबाहेरच्या लॅबच्या तीन फेऱ्या केल्या, आणि त्यात कामाचा सगळा नफा गेला.

१९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या भोवती सुट्या भागांचे शेकडो कारखाने उभे राहिले. मशीन चालवणारे हात आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती प्रमाणित कच्च्या मालाची आणि मान्यताप्राप्त चाचणीची. संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये चाचणी सुविधांसाठी ४०० कोटींची योजना आणली, तिच्यात केंद्राचे अनुदान ७५ टक्क्यांपर्यंत आणि उरलेला वाटा उद्योग व राज्याचा, अशी रचना होती. मराठवाड्याने आपली मागणी याच धर्तीवर मांडायला हवी.

उत्तर १ (पैठण तालुका, शिक्षक आणि शेतकरी)

आपली तळमळ पोहोचली, तरीही मी सहमत नाही. नाथसागर आमच्या उशाशी असूनही उन्हाळ्यात आमच्या वस्त्यांवर टँकर येतो. सरकारकडे पैसा मर्यादित असेल तर पहिला हक्क पाण्याचा आणि कापूस-सोयाबीनवरील प्रक्रियेचा आहे. अशा कामाचे पाच अक्षांवर फिरणारे एक महागडे मशीन किती पोरांना काम देते, याचाही हिशेब मांडावा. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला, आणि त्यानंतर नियमित उत्पादनासाठी सारा जिल्हा ताटकळला. इमारत उभी राहिली म्हणजे पोटाला काम मिळते, असे आम्ही आता मानत नाही.

उत्तर २ (परभणी, आयुध निर्माणीतून निवृत्त)

गुरुजींचे लातूरचे उदाहरण योग्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. कारखाना ऑर्डरवर जगतो, आणि संरक्षणाची ऑर्डर युद्ध नसताना आटते. खासगी मालक अशा वेळी मशीन दुसऱ्या कामाला लावतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. तेजस लढाऊ विमानासाठी ९९ इंजिनांचा करार ऑगस्ट २०२१ मध्ये झाला. अमेरिकी कंपनीला आपली बंद पडलेली उत्पादन लाइन पुन्हा उभी करावी लागली, आणि पहिले इंजिन आपल्याला मार्च २०२५ मध्ये मिळाले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर वाळूजच्या वीस कामगारांच्या युनिटकडून आपण काय अपेक्षा ठेवणार?

म्हणूनच क्षमता सरकारच्या मालकीची असावी. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ आयुध निर्माण्यांच्या (शस्त्रे व दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कारखान्यांच्या) सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हाही माझा त्याला विरोध होता. शांततेच्या काळात तोटा सोसून कुशल कारागीर टिकवणे, हा माझ्या दृष्टीने संरक्षणावरचाच खर्च आहे. विदर्भात अंबाझरी, भंडारा, चांदा येथे निर्माण्या आहेत. मराठवाड्यात एकही नाही. आपण लॅबवर समाधान का मानावे?

उत्तर ३ (जालना, लेखापाल)

जालन्याच्या पोलादाचे नाव या चर्चेत निघेलच, म्हणून आधीच लिहितो. आमच्या भट्ट्यांतून मुख्यतः बांधकामाची सळई निघते, तर संरक्षणाला लागणारे खास मिश्रधातू हैदराबादच्या मिधानीसारखे कारखाने बनवतात. या दोन पोलादांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी गोष्ट वसुलीची. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पण तपासणी होऊन माल स्वीकारला जाईपर्यंत ते दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, असा वाद मी माझ्या अशिलांच्या वह्यांत वारंवार पाहतो. बँकेचे व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते.

धागाकर्ता

लेखापाल साहेबांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवले. लॅब जवळ असेल तर तपासणी लवकर होईल आणि पैसाही लवकर सुटेल, हा माझा मुद्दा त्यांच्यामुळे अधिक स्पष्ट झाला. परभणीच्या काकांना मात्र नम्रपणे सांगतो की नवी निर्माणी मिळेपर्यंत आमच्या मुलांचे कौशल्य थांबणार नाही; ती पुण्याला निघून जातील. पाच वर्षांची किमान खरेदी लेखी मिळाली, तर आम्हीही क्षमता टिकवू. रोजगाराबाबत गुरुजींचे म्हणणे बरोबर आहे, चाळीस नगांच्या कामावर माणसे थोडीच लागतात, आणि तसे मी कबूल करतो.

उत्तर १

मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल आभार. एकच विचारतो. लॅबला दोन-चार एकर पुरतील. मग राखीव भूखंडांची मागणी आपल्या संघटनांनी लेखी मागे घ्यावी, अशी भूमिका आपण घ्याल का? बिडकीनकडे ज्यांनी जमिनी दिल्या ते आमचे सोयरे आहेत, आणि त्यांना या उत्तराची वाट आहे.

धागाकर्ता

माझ्यापुरते उत्तर ‘होय’ असे आहे. येत्या बैठकीत तसा ठराव मी मांडतो. त्याचा मसुदा आधी तुम्हाला पाठवीन.